ईरप्पाच्या गालातली जाळी

जेवताना नवऱ्यानं तोंड वाकडं केलं की बायकोला राग येतो. तुमच्या घरी येतो, आमच्याही घरी येतो. पण साखर पेठेतल्या निंगव्वाला त्या दिवशी जो राग आला, त्याला तसंच कारण होतं. तिचा नवरा ईरप्पा म्हणजे शेंगाच्या चटणीवर जगणारा माणूस. आमटीत तिखट कमी पडलं तर तक्रार न करता चटणीचं भांडं जवळ ओढायचा. तोच ईरप्पा हल्ली ताटातली चटणी बोटानं बाजूला सारू लागला होता. कडक भाकरीला तर तो हातच लावत नव्हता. ताजी भाकरी दुधात कुस्करून खायचा आणि ती गिळतानाही डोळे मिटायचा. निंगव्वानं मिरची बदलून पाहिली, चटणीत दाणे जास्त घालून पाहिले. शेवटी ती वैतागली आणि म्हणाली, माझ्या हातचं गोड लागत नसेल तर मंगळवेढ्याला बहिणीकडं जाऊन जेवा.

 ईरप्पाच्या दोन्ही गालांच्या आत आग पडली होती आणि ती कशानं पडली हे त्याचं त्यालाच कळत नव्हतं. त्याचा एक अंदाज मात्र होता. त्याला वाटत होतं, आपल्या तोंडात सूत बसलंय.

आता हे तुम्हाला विचित्र वाटेल, म्हणून थोडं सांगायला हवं. ईरप्पा चादरीच्या कारखान्यात यंत्रमागावर होता. मागावर आडवं सूत टाकत इकडून तिकडं पळणारा जो लाकडी धोटा असतो, त्याच्या पोटात सुताची कांडी बसवतात. कांडी संपली की दुसरी घालायची आणि तिच्या सुताचं टोक धोट्याच्या बारक्या भोकातून बाहेर काढायचं. ते काढायला कुणी तार घेत नसे. भोकावर ओठ टेकवायचे आणि श्वास आत ओढायचा, की सूत सुर्रकन बाहेर येतं. बाप तसंच करायचा म्हणून लेकही तसंच करायचा. दिवसभर हेच चालायचं. एका मागावर दोन पाळ्या, आणि धोटे तेच. सकाळच्या माणसाची थुंकी वाळते न वाळते तोच संध्याकाळच्या माणसाचे ओठ त्याच भोकावर. ऐकून किळस आली ना? त्या कारखान्यात कुणालाही येत नव्हती, कारण कुणी कधी तसा विचारच केला नव्हता.

तर ईरप्पाला वाटलं, इतकी वर्षं सूत ओढतोय, त्याची तूस गालाला चिकटून बसली असेल. तो मीठ घेऊन खरखरीत पंच्यानं गाल आतून घासायला लागला. त्यानं रक्त आलं, आग दुप्पट झाली आणि धोटा तोंडाला लावताना डोळ्यांत पाणी यायला लागलं.

हे पाणी पहिल्यांदा पाहिलं ते चन्नप्पानं. तो अक्कलकोटकडचा तरुण गडी, ईरप्पाच्याच मागावर दुसऱ्या पाळीला. काम त्याला ईरप्पानंच शिकवलेलं, त्यामुळे तो त्याला अण्णा म्हणायचा आणि सख्ख्या भावाहून जास्त मानायचा. पाळी बदलताना दोघं एका डब्यात जेवायचे. त्या दिवशी चन्नप्पानं ईरप्पाला खिडकीच्या उजेडात नेलं, हनुवटी धरली आणि आ करायला लावलं. पाहिलं आणि त्याचा हात आपोआप खाली आला. ईरप्पाच्या गालाच्या आत पांढऱ्या बारीक रेघांची जाळी पसरली होती. अगदी एखाद्यानं विणून बसवावी तशी, आणि मधेमधे लालभडक सोललेली जागा.

 त्या संध्याकाळी चन्नप्पानं धोटा आधी धोतराच्या सोग्यानं पुसला आणि मग तोंडाला लावला. घरी त्याची बायको बाळंतीण होती, कुशीत तान्हं पोर होतं. आपल्या तोंडातून ते जाळं घरी गेलं तर काय, या विचारानं त्याला घास गोड लागेना. त्याची भीती खोटी नव्हती हे आपण लक्षात ठेवलं पाहिजे. चुकलं ते पुढं. त्यानं कुण्या शहाण्याला विचारायला हवं होतं. त्यानं शेजारच्या मागवाल्याला सांगितलं.

मग काय विचारता! विणकरांचाच कारखाना तो, त्यांना रोगही सुताचाच दिसला. ईरप्पाच्या तोंडात सूत उतरलंय, ते आतल्या आत जाळं विणतंय आणि धोट्यातून दुसऱ्याच्या तोंडात जातंय, असं बघता बघता ठरून गेलं. माळशिरसकडचा एक जण म्हणाला, आमच्या गावात असं एकाला झालं होतं, त्याचं तोंडच मिटलं. दुसऱ्यानं डोळा मिचकावून सांगितलं की हे बाहेरख्यालीपणाचं फळ असतं. ज्या ईरप्पानं उभ्या आयुष्यात घर आणि माग यांच्यापलीकडं पाऊल टाकलं नव्हतं, त्याच्याबद्दल हे बोलणं! प्यायच्या पाण्याच्या माठाजवळ त्याच्यासाठी वेगळा, ॲल्युमिनियमचा म्हणजे जर्मनचा पेला आला. त्याच्या मागावरच्या धोट्यांना चन्नप्पाखेरीज कुणी हात लावेना. चन्नप्पा डबा घेऊन दाराशी बसायला लागला आणि अण्णा आत एकटे जेवायला लागले.

शेवटी मालकानं बोलावलं. मालक ईश्वरप्पा तसे वाईट गृहस्थ नव्हते आणि हेच मला जास्त झोंबतं. वाईट माणसाशी भांडता येतं. ईश्वरप्पांनी खाली बघत, हळू आवाजात सांगितलं की बाकीची माणसं काम सोडतो म्हणतात, तेव्हा तुम्ही तोंड बरं करून या, तोवर तुमच्या जागी बदली माणूस ठेवतो. ईरप्पानं विचारलं, "बरं न्हाय झालं तर?" मालक समोरची वही चाळायला लागले.

माग गेला म्हणजे ईरप्पाचं सगळंच गेलं. दुसरं काम त्याला येत नव्हतं, आणि ज्याच्या तोंडाला लोक भितात त्याला दुसऱ्या कारखान्यात कोण उभं करणार? तो घरी येऊन भिंतीला टेकून बसला. निंगव्वाला सगळं कळलं तेव्हा तिला आपल्याच बोलण्याची लाज वाटली. हा माणूस आगीनं तळमळत होता आणि आपण त्याला बहिणीकडं जेवायला जा म्हणालो. तिनं त्याच्या शेजारी बसून त्याच्याच ताटातला दूधभाकरीचा घास तोंडात घातला. ईरप्पा घाबरून ताट ओढायला लागला, तर म्हणाली, "आता लागायचं असंल तर दोगांना लागू द्या."

दुसऱ्या दिवशी ती त्याला घेऊन बाळीवेशीजवळच्या दवाखान्यात गेली. ईरप्पा जायला तयार नव्हता. डॉक्टर कॅन्सर म्हणाले तर, या एका शब्दाला तो भीत होता. निंगव्वा म्हणाली, नाव माहीत नसलेल्या रोगाला भिण्यापेक्षा माहीत असलेल्याला भिऊ. तिथं डॉक्टर रुद्राणी हत्तुरे बसायच्या. त्या कन्नड घरातल्या, पुण्यात शिकून परत आलेल्या, बोलायला जरा कडक. त्यांनी बॅटरी घेऊन ईरप्पाचं तोंड कानाकोपऱ्यासकट पाहिलं. मिठानं घासल्याचं ऐकून त्यांनी त्याला असं काही सुनावलं की तो लहान पोरासारखा मान खाली घालून बसला. मग त्याला सरकारी दवाखान्यात पाठवून गालातला कणभर तुकडा काढून तपासून घेतला. निकाल आला तेव्हा त्यांनी नवराबायकोला समोर बसवलं.

त्यांनी सांगितलं ते असं. या रोगाला लायकेन प्लेनस म्हणतात. तोंडाच्या आतलं जे नाजूक अस्तर असतं त्याला ही सूज येते आणि ती वर्षानुवर्षं राहते. कधी कमी होते, कधी उसळते. कॅन्सर नाही. मात्र क्वचित कुणाच्या बाबतीत पुढं बिघडू शकतं, म्हणून अधूनमधून येऊन दाखवायचं. मलम लावायचं, तिखट आणि तंबाखू बंद, मन शांत ठेवायचं. नेमकं कशानं होतं हे डॉक्टरांनाही पुरतं उमगलेलं नाही. पण एक गोष्ट पक्की आहे, हा रोग आतून येतो. तो एकाचा दुसऱ्याला लागत नाही. उष्ट्यानं नाही, पाण्यानं नाही, कशानंच नाही.

निंगव्वानं पदर डोळ्यांना लावला. ईरप्पा मात्र तसाच बसून राहिला. म्हणाला, "बाई, तुमी म्हणता ते खरं. पण माझ्या तोंडचा धोटा आता कोण तोंडाला लावंल?"

"धोटा तोंडाला कशाला लावता?" बाईंनी विचारलं.

ईरप्पानं सांगितलं. सांगताना त्याला त्यात काही वावगं वाटलं नाही. डॉक्टरबाईंचा चेहरा मात्र बदलला. त्यांनी तेच पुन्हा सांगायला लावलं. एकच धोटा, दोन माणसं, आणि माणूस रजेवर असला तर तिसरा? व्हय की, ईरप्पा म्हणाला. मग बाईंनी बाहेरच्या रुग्णांना थांबायला सांगितलं आणि म्हणाल्या, उद्या मी तुमच्या कारखान्यात येते.

त्या आल्या. माग बंद करायला लावून त्यांनी सगळ्यांना गोळा केलं. अचानक पसरलेल्या शांततेत माणसांना आपलेच आवाज परके वाटत होते. बाईंनी ईरप्पाला पुढं उभं केलं आणि त्याचा रोग काय आहे, काय नाही, हे साध्या शब्दांत सांगितलं. कांड्या भरणारी सरदारबी धिटाईनं म्हणाली, "मग ही जाळी सुताची न्हाय व्हय?" बाई म्हणाल्या, नाही, आणि ईरप्पांचा रोग तुम्ही मागून घ्यायचा म्हटलात तरी तुम्हाला मिळायचा नाही. काही जण हसले. चन्नप्पा हसला नाही. तो मागून म्हणाला, "बाई, माझ्या घरी तान्हं पोर हाय. मी भ्यायचं न्हाय तर कुणी भ्यायचं?"

बाईंचा आवाज इथं खाली आला. त्या म्हणाल्या, "भ्यायलाच हवं. पण तुम्ही चुकीच्या गोष्टीला भिताय. ज्या माणसाचा रोग लागत नाही त्याला तुम्ही बाहेर काढलंत, आणि जिच्यातून रोग लागतो ती सवय आत ठेवलीत. हा धोटा तोंडाला लावता म्हणजे तुम्ही सगळे एकमेकांची थुंकी पिताय. उद्या तुमच्यातल्या एकाला खरोखरच पसरणारा रोग असला, तर तो आधी कुठं जाईल?"

 मग बाईंनी विचारलं, खोकला कुणाकुणाला आहे? सगळ्यांनी सांगितलं की सुताच्या धुरळ्यात खोकला सगळ्यांनाच असतो. त्यावर बाई म्हणाल्या, सगळ्यांचाच फोटो काढू. छातीचा. ईश्वरप्पांनी कामाचा खोळंबा होईल म्हणून जरा कुरकुर केली, पण बाईंपुढं त्यांचं काही चाललं नाही. जाता जाता बाईंनी माग दुरुस्त करणाऱ्या जॉबरला तारेची बारीक आकडी करायला सांगितली, भोकातून सूत ओढण्यापुरती. धोटा यापुढं तोंडाला लावायचा नाही.

फोटो निघाले. ईरप्पाची छाती स्वच्छ होती. बाकीच्यांचीही. एकाची नव्हती. चन्नप्पाला क्षय होता.

गडी वाळत चालला होता, संध्याकाळी अंग तापायचं, पण बाळंतपणाची धावपळ आणि कारखान्याचं काम यावर त्यानं ते ढकललं होतं. ज्याच्या तोंडाकडं त्यानं बोट दाखवलं, त्याच्या तोंडात काही लागणारं नव्हतं. लागणारं होतं ते त्याच्या स्वतःच्या छातीत, आणि तोच रोज संध्याकाळी त्या धोट्यावर ओठ टेकवत होता. देवाची कृपा म्हणा, दुसऱ्या कुणाला अजून काही झालं नव्हतं.

आता माणसं शहाणी झाली असतील असं तुम्हाला वाटेल. छे! बाईंचं सगळं बोलणं त्यांनी ऐकलं आणि त्यातून एवढंच घेतलं की चुकीचा माणूस काढला होता, आता बरोबर माणूस काढा. तोच जर्मनचा पेला चन्नप्पाच्या नावावर चढला. त्याच्या गल्लीतल्या बायकांनी बाळंतिणीकडं जाणं बंद केलं. ईश्वरप्पांनी ईरप्पाला घरी निरोप धाडला की उद्यापासून या, आणि चन्नप्पाच्या जागी कायमचा माणूस बघितलाय.

खरं सांगायचं तर निरोप ऐकून ईरप्पाला आधी बरं वाटलं. माग परत मिळाला म्हणून वाटलं, आणि चन्नप्पाला चांगला हिसका बसला म्हणूनही वाटलं. माणूसच तो. निंगव्वा तर उघडच बोलली, त्यानं तुमचं ताट वेगळं केलं, आता त्याचं त्याला भोगू दे. ईरप्पा मलम लावून पडला. पण डोळ्यांपुढं सारखं यायला लागलं ते कारखान्यातलं ते एकट्यानं जेवणं. आजूबाजूला एवढी माणसं असून घास घशाखाली उतरत नव्हता, तो आगीमुळं नव्हता उतरत. ते दुसऱ्या कुणाच्या वाट्याला यावं असं त्याला मनापासून वाटेना. तो उठून बसला आणि निंगव्वाला म्हणाला, बाळंतिणीला काहीतरी करून दे, मी जाऊन येतो. निंगव्वानं त्याच्याकडं बघितलं. मग मुकाट्यानं डिंकाचे लाडू बांधले, आणि स्वतःही निघाली.

चन्नप्पाचं दार लोटलेलं होतं. ईरप्पाची हाक ऐकून आतून आवाज आला, "अण्णा, आत येऊ नका. लांबच थांबा."

"हवेला बसतो की हितं," म्हणत ईरप्पा दाराबाहेर उंबऱ्याला लागून बसला. निंगव्वा डबा घेऊन मागल्या दारानं बाळंतिणीकडं गेली.  चन्नप्पा आतून म्हणाला, "माझ्यामुळं तुमचा माग गेला. मीच बोललो होतो सगळ्यांना."

"ठावं हाय मला."

"मग कशाला आलात?"

 ईरप्पा म्हणाला, "चन्नप्पा, रोगानं मला जेवढं भाजलं न्हाय तेवढं तू दाराशी जाऊन बसलास त्यानं भाजलं. तुला तसं भाजाया नको, म्हणून आलो."

आतून रडण्याचा आवाज आला. चन्नप्पासारखा तरणा गडी तोंडावर पंचा दाबून हमसून हमसून रडत होता, आणि ईरप्पा बाहेर बसून वाट बघत होता, कारण आत जाऊन पाठीवर हात ठेवणं त्या घडीला शहाणपणाचं नव्हतं. त्याला बाईंनी सांगितलेलं आठवत होतं. औषध सुरू झालं की काही आठवड्यांत लागण थांबते, पण औषध मध्येच सोडायचं नाही, आणि तोवर मोकळ्या हवेत बसायचं, खोकताना तोंड झाकायचं, थुंकी कुठंही टाकायची नाही. त्यानं ते एकेक करून चन्नप्पाला पुन्हा सांगितलं. पोराला दवाखान्यात नेऊन तपासून आणायचं काम निंगव्वानं अंगावर घेतलं. पोर ठणठणीत निघालं.

दुसऱ्या सकाळी ईरप्पा कारखान्यात गेला, पण मागाला हात न लावता आधी मालकांपुढं उभा राहिला. म्हणाला, दुसऱ्या पाळीला बदली माणूस ठेवा, कायमचा नको. चन्नप्पा बरा होऊन येईपर्यंत त्याची जागा त्याचीच. तसं नसेल तर माझीही जागा द्या कुणाला तरी. ईश्वरप्पा म्हणाले, लोक ऐकणार नाहीत. ईरप्पा म्हणाला, माझ्या वेळी तुमी लोकांचं ऐकलंत, आता एकदा माझं ऐका. ईश्वरप्पा बराच वेळ टेबलावरची धूळ पुसत राहिले. मग म्हणाले, ठीक आहे, बदलीच ठेवतो.

सुया टोचून घेत, गोळ्या खात चन्नप्पानं ते सगळे महिने काढले. मध्ये दोनदा कंटाळून औषध सोडायला निघाला होता, दोन्ही वेळा ईरप्पानं त्याला हाताला धरून डॉक्टरबाईंपुढं नेऊन बसवलं. शेवटी थुंकी स्वच्छ आली, फोटो सुधारला आणि बाईंनी कामावर जायला परवानगी दिली. पाळी बदलायच्या वेळी तो दारात उभा राहिला. अंगावर मांस आलं होतं, तरी आत पाय टाकायला धजत नव्हता. माणसं जागच्या जागी उभी राहिली. कुणी पुढं आलं नाही. ईश्वरप्पांनी सगळ्यांकडं बघून विचारलं, याच्याबरोबर एका मागावर कोण राहील?

"मी हाय की," ईरप्पा म्हणाला.

एवढंच. पण ते ऐकून आधी सरदारबी पुढं आली आणि चन्नप्पाच्या पोराची विचारपूस करायला लागली. मग तो माळशिरसवाला आला. मग बाकीचे, एकेक करून, जरा ओशाळलेले. ईश्वरप्पांनी माठाजवळचा तो वेगळा पेला उचलून खिडकीबाहेर टाकला.

मंडळी, ईरप्पाच्या गालातली जाळी अजून आहे. कधी महिनामहिना त्रास देत नाही, कधी इतकी उसळते की पाणीसुद्धा झोंबतं. ती त्याला जन्मभर सोबत करणार असं बाईंनी स्पष्ट सांगितलंय, आणि त्यानंही ते मान्य केलंय. तो रोग कुणाच्या हातातला नव्हता. पण माठाजवळ वेगळा पेला ठेवणं, दाराशी जाऊन जेवणं, बाळंतिणीच्या घरी न जाणं, हे सगळं आपल्या हातातलं होतं आणि आपणच ते केलं. रोग दिसला तर आधी जाणत्याला विचारा, तो कसा लागतो ते समजून घ्या, आणि जी सवय त्याला वाट देते ती आजच्या आज मोडा. खबरदारी जरूर घ्या. मात्र ज्याला रोग झालाय तो आपला माणूस आहे, त्याला उंबऱ्याबाहेर टाकू नका, आणि आत जाता येत नसेल तर निदान त्याच्या उंबऱ्याबाहेर जाऊन बसा.